दोरीची लाळ आणि विषाणूची वंशावळ

रामकुंडावरच्या आमच्या उपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की ते कापडात बांधलेली जुनी वही काढतात. कुठल्या साली घरातलं कोण आलं होतं, बरोबर कोण होतं, कुणाच्या नावाखाली कुणाची सही आहे, हे बघत बघत पाच मिनिटांत पणजोबांपर्यंत पोचता येतं. विषाणूंचा माग काढणाऱ्यांचं कामही याच जातीचं. त्यांची वही मात्र विषाणूच्या पोटातच असते, त्यामुळे वाचायची तर आधी विषाणू सापडायला हवा.

समजा, सिन्नरच्या बाजूला एका शेडमध्ये पांढरी यॉर्कशायर डुकरं आहेत. दोघांनी खाणं सोडलंय, अंगात सणकून ताप आहे, कानाच्या पाळ्या आणि पोटाखालची कातडी जांभळट पडलीय. हा आफ्रिकन स्वाइन फीवर असेल किंवा क्लासिकल स्वाइन फीवर. नावं सख्ख्या भावांची आणि लक्षणंही तीच, पण दोन्ही विषाणूंचं एकमेकांशी काही नातं नाही. पहिल्याचा जनुकसंच डीएनएचा, दुसऱ्याचा आरएनएचा. दुसऱ्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं लस आहे, पहिल्यावर नाही. मुरलेल्या पशुवैद्यालाही नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. (यातला एकही रोग माणसाला होत नाही, हे सांगून टाकलेलं बरं. अशी बातमी आली की लोक उगाच धास्तावतात.)

तपासायला रक्त सगळ्यात चांगलं. पण शंभर किलोचं डुक्कर धरून त्याच्या मानेतून रक्त काढणं म्हणजे काय, ते ज्याने ती किंकाळी जवळून ऐकलीय त्यालाच कळेल. म्हणून नेहमीच्या पाळतीसाठी एक साधी युक्ती निघाली. जाड सुती दोरी डुकरांच्या खांद्याच्या उंचीवर टांगायची. डुक्कर हे कमालीचं चौकस जनावर. अर्ध्या तासात सगळा कप्पा येऊन दोरी चघळून जातो. मग ओलं टोक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिळायचं, पिशवीचा कोपरा कापायचा आणि गढूळ, फेसाळ लाळ नळीत उतरवून बर्फात ठेवायची. एका दोरीत वीस-पंचवीस जनावरांची चाचणी होते. २००८च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या मंडळींनी ही पद्धत नावारूपाला आणली. तिच्यात एक खोच आहे, आणि मला ती महत्त्वाची वाटते. तापाने मलूल झालेलं डुक्कर दोरीकडे फिरकतच नाही. ज्याची लाळ हवी, तेच कोपऱ्यात पडून राहतं. म्हणून आफ्रिकन स्वाइन फीवरचा संशय आला की दोरीवर विसंबायचं नाही, आजारी जनावराचं रक्तच घ्यायचं.

पुढची पीसीआर चाचणी कोरोनाने सगळ्यांना शिकवलीच आहे. विषाणूच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा दर फेरीला दुप्पट होतो. तो विसाव्या फेरीत दिसला की तिसाव्या, यावरून नमुन्यात विषाणू किती होता ते कळतं. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे सुमारे हजारपट. आपल्याकडे आफ्रिकन स्वाइन फीवरवर शिक्कामोर्तब होतं ते भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. ते झालं की एक किलोमीटरच्या परिघातली डुकरं मारली जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत लागते.

इथवर ‘आहे की नाही’ एवढंच कळलं. ‘कुठून आला’ यासाठी जनुकसंच अक्षर अक्षर वाचावा लागतो. पूर्वी पोथ्यांच्या हाताने नकला होत. एखाद्याने एक ओळ चुकवली की त्याच्या प्रतीवरून उतरवलेल्या सगळ्या प्रतींत तीच चूक उतरायची. विषाणूही स्वतःच्या नकलाच काढतो. दोन शेडमधल्या विषाणूंत एकच चूक एकाच जागी दिसली, तर त्यांचा पूर्वज बहुधा एकच.

चुका करण्याचा वेग मात्र प्रत्येकाचा वेगळा. पीआरआरएस हा गाभण माद्यांचे गर्भ पाडणारा आरएनए विषाणू. त्याची अक्षरं जेमतेम पंधरा हजार आणि हात भलताच घाईचा, त्यामुळे वर्षभरात डझनावारी बदल साठतात. भारतात तो २०१३ मध्ये मिझोराममध्ये सापडला आणि चीनमधल्या जहाल वाणाच्या जवळचा निघाला. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू उलट शिस्तीतला कारकून. अक्षरं पीआरआरएसच्या दहापटीहून जास्त, पण चुका फार थोड्या. २००७ मध्ये तो जॉर्जियात उतरला. त्याच्या जवळचे विषाणू मोझांबिक, मादागास्कर आणि झांबियात मिळाले. जहाजावरचं खरकटं डुकरांना घातलं गेलं असावं, असा तज्ज्ञांचा कयास. २०१८ मध्ये तो चीनमध्ये पोचला आणि २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये. जीनोटाइप, म्हणजे जनुकांवरून पाडलेला गट, तोच, दोन नंबरचा. त्यामुळे एखादं जनुक वाचून फारसं काही हाती लागत नाही, सगळा जनुकसंच वाचूनच बारीक फरक शोधावे लागतात.

फ्लूचा हिशोब आणखी तिसराच. त्याचा जनुकसंच आठ तुकड्यांचा. एकाच डुकरात दोन वाण शिरले तर तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात. २००९च्या स्वाइन फ्लूत सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांच्या विषाणूचे आणि दोन युरोप-आशियातल्या डुकरांकडचे निघाले. म्हणजे वंशावळही एक नसते, तुकड्यागणिक वेगळी काढावी लागते.

इतकं करूनही जनुकसंच विषाणूचं नातं सांगतो, टेम्पोचा नंबर सांगत नाही. त्यासाठी शेडवरची नोंदवही लागते: पिल्लं कुठून आणली, कुठल्या हॉटेलचं खरकटं आलं, ते उकळलं होतं का, व्यापारी कोणत्या दिवशी आत येऊन गेला. मरतुक लागली की उरलेली जनावरं रातोरात विकून मोकळं होण्याचा मोह कुणालाही पडेल. एकेका डुकरामागे हजारो रुपये अडकलेले असतात. पण ती डुकरं नमुन्याविना गेली की विषाणू पुढे तिसऱ्याच तालुक्यात उगवतो, आणि मधल्या पिढ्यांची पानं कोरीच राहतात. आमच्या वहीतही आजोबांच्या सहीनंतर थेट माझीच आहे. वडील कधी गेलेच नाहीत.