दुसरा स्टुडिओ अल्बम

पॉप गायकाने किंवा गायिकेने पहिल्या अल्बमनंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला नव्या गाण्यांचा संच. मोजताना फक्त स्टुडिओ अल्बम धरतात. मैफलीचे ध्वनिमुद्रण, गाजलेल्या गाण्यांचे संकलन, रिमिक्स आणि चित्रपटाची गाणी या गणतीत येत नाहीत. त्यामुळे एखाद्या गायकाची दुकानात आलेली चौथी कॅसेटही त्याचा दुसरा अल्बम असू शकते.

‘अल्बम’ हा शब्द फोटोंच्या वहीवरूनच आला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचे गाणे मावे. अशा पाच-सहा तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकत, तिला अल्बम म्हणत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली, वही गेली आणि नाव राहिले. आठ ते बारा गाण्यांचा संच ही अल्बमची बांधणी तिथूनच रूढ झाली.

दुसऱ्या अल्बमची वेगळी नोंद करावी लागते ती त्याला मिळणाऱ्या वेळामुळे. पहिल्या अल्बममधली गाणी गायकाने विशी-बाविशीपर्यंत साठवलेली असतात. त्यांतली बरीच छोट्या कार्यक्रमांत गाऊन, लोकांचे चेहरे पाहून घासूनपुसून घेतलेली असतात. दुसऱ्यासाठी वर्ष-दीड वर्ष मिळते, आणि तेही दौरे, मुलाखती आणि चित्रीकरणातून उरलेले. करारही घाई करायला लावतो. कंपनी सहसा पुढचे अल्बम मागण्याचा हक्क स्वतःकडे ठेवते आणि गायकाला उचल देते. ध्वनिमुद्रणाचा खर्च बहुधा त्या उचलीतच धरला जातो, आणि ती विक्रीतून फिटेपर्यंत गायकाच्या हाती मानधनाचा वाटा पडत नाही. पहिला अल्बम गाजूनही उचल फिटली नसेल, तर दुसरा लवकर काढण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

दुसरा अल्बम पहिल्याहून फिका पडतो या समजाला अमेरिकेत ‘सोफोमोर स्लंप’ म्हणतात. ‘सोफोमोर’ म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, ‘स्लंप’ म्हणजे घसरण. या समजाचे एक कारण संगीतात नसून गणितात आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये दाखवले, की फार उंच आईबापांची मुले सरासरीहून उंच असली तरी बहुधा आईबापांइतकी उंच होत नाहीत. अपवादात्मक यशाच्या मागून येणारी गोष्ट सरासरीकडे झुकते. ज्यांचा पहिला अल्बम असामान्य गाजला, त्यांच्याच दुसऱ्याची आपण वाट पाहतो. मग तो थोडा कमी भरला तरी घसरण वाटते. हे ध्यानात न घेता अनेक चांगल्या गायकांना उतरती कळा लागल्याचा शिक्का मारला गेला, आणि तो अन्याय होता.

उलटी उदाहरणेही ठळक आहेत. मॅडोनाचा ‘लाइक अ व्हर्जिन’ नाइल रॉजर्सने न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत घडवला. पण पहिल्या अल्बमची गाणी अजून जोरात चालत होती, म्हणून कंपनीने तो अडवून ठेवला आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये बाजारात आणला. तिची जगभरची ओळख याच अल्बमने पक्की केली. ब्रिटनी स्पिअर्सचा ‘ऊप्स!... आय डिड इट अगेन’ मे २००० मध्ये आला आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत त्याच्या १३ लाखांहून अधिक प्रती खपल्या. गायिकांमधला तो उच्चांक पंधरा वर्षे टिकला. ॲडेलच्या ‘२१’ (२०११) या दुसऱ्या अल्बमला पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

भारतात हा प्रश्न नव्वदच्या दशकात, इंडिपॉपबरोबर, म्हणजे चित्रपटाबाहेरच्या भारतीय पॉप गाण्यांबरोबर आला. त्याआधी लोकप्रिय गाणे म्हणजे चित्रपटाचे गाणे, आणि तिथे अल्बम चित्रपटाच्या नावावर मोजला जाई, गायकाच्या नव्हे. दलेर मेहंदीचा ‘बोलो ता रा रा’ १९९५ चा, दुसरा ‘दर्दी रब रब’ लगेच पुढच्या वर्षीचा. लकी अलीने ‘सुनो’ (१९९६) नंतर दोन वर्षे घेतली आणि दुसऱ्याचे नाव ठेवले ‘सिफर’, म्हणजे शून्य. नाशिकमध्ये केबल आणि कॅसेट यांच्या जोडीने ही गाणी पोचली. कॉलेज रोडवरच्या विद्यार्थ्यांत कोरी कॅसेट देऊन आवडीची गाणी भरून घेण्याची पद्धत होती, आणि अशा भरलेल्या कॅसेटमध्ये पहिला अल्बम कुठे संपला व दुसरा कुठे सुरू झाला ते कळत नसे. अनेकांनी आधी दुसराच ऐकला आणि मग मागे जाऊन पहिला शोधला. तुलना करीत बसण्यापेक्षा ही ऐकण्याची रीत गायकाला जास्त न्याय देणारी होती.

दुसरी निर्मिती पहिलीला मागे टाकू शकते, हे नाशिककरांना पॉप येण्याआधीपासून ठाऊक आहे. कुसुमाग्रजांचा पहिला काव्यसंग्रह ‘जीवनलहरी’ १९३३ चा. लोकांच्या तोंडी आहे तो दुसरा, वि. स. खांडेकरांनी प्रसिद्ध केलेला ‘विशाखा’, १९४२ चा. मध्ये नऊ वर्षे गेली. पॉप गायकाला त्यातली दोन मिळाली तरी पुष्कळ.

याच जिल्ह्यात क्रमांकाची गरजच नसलेली परंपराही आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोकशाहीर वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गीते रचली. ती सभा-संमेलनांत, वस्त्यांवर गायली गेली, आणि ऐकणाऱ्यांनी पाठ करून पुढे नेली. त्यांच्या बाबतीत कोणता संच पहिला, कोणता दुसरा, असे कोणी विचारत नाही. कोणते गीत अजून गायले जाते, एवढेच विचारतात.

मोबाइलवर ऐकायची सोय झाल्यापासून अल्बमचे वजन कमी झाले आणि सुटे गाणे पुन्हा पुढे आले. बागलाण, कळवण, मालेगाव भागात बोलली जाणारी अहिराणी आता याच वाटेने दूरवर ऐकू येते. तिचे गायक एकेक गाणे व्हिडिओसह यूट्यूबवर टाकतात. त्यांच्यासमोर दुसऱ्या अल्बमचा नव्हे, तर दुसऱ्या गाण्याचा प्रश्न असतो. आणि त्याला मिळणारी मुदत या लग्नसराईपासून पुढच्या लग्नसराईपर्यंतची.