डोळा खरोखर ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे का?

मानवी डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा, हे विधान वर्षानुवर्षे फिरत आले आहे. ही संख्या संपूर्ण दृष्टिक्षेत्र सारखेच स्पष्ट दिसते असे गृहीत धरून काढलेली आहे. प्रत्यक्षात बारकावे नजरेच्या मध्यावरील सुमारे २ अंशांच्या भागातच टिपले जातात. या ओळीतील एका शब्दावर नजर खिळवून चार-पाच ओळी खालचा शब्द वाचू पाहिल्यास हे लगेच पटते. शिवाय १० कोटींहून अधिक प्रकाशसंवेदी पेशींचे संकेत मेंदूकडे नेणारे तंतू जेमतेम १० लाखांच्या आसपास असल्याने, डोळा चित्र जसेच्या तसे न पाठवता मुख्यतः कडा, फरक आणि बदल निवडून पाठवतो, आणि त्याची खरी करामत हीच म्हणावी लागेल. याच तत्त्वावरील मेंदूप्रेरित कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेल आपल्यावरचा उजेड बदलला तरच संकेत देतो. स्थिर दृश्यासमोर तो जवळजवळ गप्प राहतो.