आमवातावर भांग-गांजा : नियमित औषधी वापर आणि सुरक्षितता

सांध्यांना कायमची सूज आणणारे आजार, म्हणजे आमवात उर्फ ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सोरायसिससोबतचा संधिवात, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (पाठीचा कणा आखडवणारा आजार) वगैरे, यांचं दुखणं कमी व्हावं म्हणून भांग किंवा गांजापासून केलेलं औषध रोज घेणं, हा इथला विषय. वयाने झिजणारे गुडघे यात येत नाहीत, लोक दोन्हीला 'वात'च म्हणत असले तरी.

जाहिरातीत हे पाच हजार वर्षांचं वाताचं औषध असतं, तो दावा जपूनच घ्यावा. आमवाताचं सविस्तर वर्णन माधवनिदानात (साधारण ७वं-८वं शतक) मिळतं, पण तो ग्रंथ निदानाचा, औषधं त्यात नाहीत. सुश्रुतसंहितेतली भंगा म्हणजे आजची भांगच का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शार्ङ्गधरसंहितेत (बहुधा १३वं-१४वं शतक) मात्र ती स्पष्ट येते, आणि येते ती अफूच्या जोडीला, पचायच्या आधीच अख्ख्या अंगात पसरणारं द्रव्य म्हणून. १६व्या शतकातला भावप्रकाश तिला पाचक, ग्राही (मल बांधणारी), भूक वाढवणारी आणि मोह आणणारी म्हणतो. आमवाताला वैद्य आजही रास्ना, सुंठ, एरंडेल, सिंहनाद गुग्गुळ हेच देतात, त्यामुळे भांगेचा जुना वापर पोटासाठी जास्त होता हे मत अधिक पटतं. कलकत्त्यात ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ च्या सुमारास संधिवाताच्या रुग्णांना गांजाची राळ दिली, त्यातल्या एकाचे हात जसे ठेवावे तसेच राहायला लागले, ही नोंद त्यानेच करून ठेवलीय. पण त्याचा 'संधिवात' म्हणजे नेमका कुठला आजार हे सांगणं अवघड, कारण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नावच गॅरड या इंग्रज डॉक्टरने १८५९ मध्ये दिलं.

आमवातावरची नीट चाचणी म्हणजे २००६ ची ब्रिटनमधली, ५८ रुग्ण, ५ आठवडे, टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) यांचा तोंडात मारायचा स्प्रे. दुखणं कमी झालं, झोप सुधारली, सकाळचं आखडणं तसंच राहिलं. ५ आठवड्यांवरून वर्षानुवर्षं घेण्याबद्दल काय ठरवणार? कॅनडात गांजा घेणाऱ्या २१५ जणांना वर्षभर बघितलं तर गांजा न घेणाऱ्यांपेक्षा गंभीर त्रास जास्त दिसला नाही, किरकोळ मात्र जास्त, पण तिथे दुखणी सगळ्या प्रकारची होती आणि बरेच जण आधीपासून घेणारे. डेन्मार्कमध्ये सोरायसिसचा संधिवात आणि हाताच्या सांध्यांची झीज असलेल्या १३६ जणांवर नुसतं सीबीडी वापरलं, १२ आठवड्यांनी ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

खरा धोका इथे आहे: सुजेमुळे होणारी सांध्याची हानी यामुळे थांबते असं माणसांमध्ये दिसलेलं नाही, आणि दुखणं दबलं की पेशंट आमवाताची आठवड्याची गोळी मेथोट्रेक्झेट सोडून देतो. चालू ठेवली तरी सीबीडीने लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात, मेथोट्रेक्झेट आणि लेफ्लुनोमाइड या आमवाताच्या औषधांचं ओझं आधीच लिव्हरवर असतं, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. टोफॅसिटिनिब (आमवाताचं औषध) आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) यांची रक्तातली पातळी सीबीडीमुळे वाढू शकते. टीएचसीने चक्कर येते, छाती धडधडते, आणि आमवातात हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त. चिलमीतून ओढणं तर सगळ्यात वाईट, धूर आहेच, शिवाय बुरशी लागलेला माल प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याच्या फुप्फुसात गेला तर महागात पडतं. सवय लागते, अचानक सोडलं तर झोप उडते.

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांचं बोटं-मनगटाचं दुखणं कामाच्या खात्यावर टाकलं जातं, दोन्ही हात सुजून सकाळी तासभर आखडत असले, म्हणजे आमवाताची शंका यायला हवी असली, तरी. अशा वेळी आधी सिव्हिलला दाखवून आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) वगैरे करावं, भांगेचा अर्क नंतरचा विषय. गांजा १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात येतो. पानांची भांग त्यात नाही, पण महाराष्ट्रात दारूबंदी कायदा तिलाही लागतो. भांगेची आयुर्वेदिक औषधं परवान्याने बनतात, वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची.

आमवात बायकांना पुरुषांच्या दोन-तीनपट होतो आणि बाळंतपणानंतर बऱ्याचदा उसळतो. टीएचसी आईच्या दुधात उतरतं, म्हणून गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे औषध टाळायला सांगतात.