विसरण्याचं खापर वेळेच्या माथी का फुटलं?

जळगाव-धुळ्याकडच्या अभ्यासिकांमधे एमपीएससीवाल्या पोरांना एक ग्राफ हमखास दाखवतात, वाचलेलं २४ तासांत दोन तृतीयांश उडतं म्हणून रिव्हिजन करा. ग्राफ खोटा नाहीये, पण तो आला कुठून हे कुणी सांगत नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने तो अभ्यास १८८५ मधे छापला आणि प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः! अर्थ नसलेल्या अक्षरांच्या ढीगभर याद्या पाठ करायच्या आणि मग किती उरलं ते मोजत बसायचं.

वेळ गेली की आठवण आपोआप पुसट होते असंच तेव्हा बहुतेकांना वाटायचं. १९०० मधे म्युलर आणि पिल्त्सेकर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की पाठ केल्या केल्या लगेच दुसरं काही डोक्यात घातलं तर पहिलं जास्त जातं. मग १९२४ ला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना चक्क लॅबमधेच झोपवलं, पाठ करून आठ तास झोपले तर दहापैकी पाच-साडेपाच अक्षरं आठवली आणि जागे राहिले तर जेमतेम एक. वेळ तेवढाच, मग दोष वेळेचा कसा? मॅगिओक या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मधे हेच ठणकावून सांगितलं, लोखंड काळामुळे नाही, हवा-पाण्यामुळे गंजतं.

पण खरी गंमत १९५७ ची. अंडरवुड या मानसशास्त्रज्ञाने जुने प्रयोग चाळले आणि त्याला दिसलं की ज्यांनी आधी बऱ्याच याद्या पाठ केल्यात तेच एका दिवसात तीन चतुर्थांश विसरतात, कोरी पाटी असलेला माणूस साधारण पाव भागच विसरतो. म्हणजे एबिंगहाउसला त्याच्याच जुन्या याद्या आडव्या आल्या होत्या, आणि आपण त्याचा आकडा सगळ्यांना लावत बसलो.

जुनं नव्याला कसं आडवं येतं ते बघायचं तर तळोदा-शहाद्याकडे बघा. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी जुन्या माणसांचा हात फॉर्म भरताना बरीच वर्षं ‘जि. धुळे’कडेच वळायचा. नवा जिल्हा माहीत नव्हता असं थोडीच होतं, जुनं आधी उडी मारायचं.

१९९४ मधे अँडरसन आणि ब्यॉर्क आडनावाच्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अजून एक भानगड पुढे आणली. एका गटातल्या काहीच गोष्टी परत परत आठवल्या की त्याच गटातल्या बाकीच्या दबतात. म्हणजे जळगावच्या १५ तालुक्यांपैकी रावेर, यावल, भुसावळ एवढेच घोकले तर बोदवड-पारोळा आणखीनच मागे पडायची शक्यता. हे नुसत्या गर्दीमुळे होतं की मेंदू स्वतःच बाकीच्यांना दाबतो यावर वाद अजून चालू आहे, आणि झोपेच्या प्रयोगाचं श्रेयही आता काहीजण आठवण मुरायला मिळालेल्या निवांतपणाला देतात, जो मुद्दा मुळात म्युलर-पिल्त्सेकरांचाच.