ॲपच्या वरच्या पट्टीवरची बटणं : यादी देण्याआधी हे वाचा

नवीन ॲप बनवायला देताना बहुतेक ग्राहकांची पहिली मागणी ठरलेली असते : ‘सगळी बटणं वरच दिसू देत, आत शोधायला लागू नयेत.’ मागणी रास्त आहे, पण पट्टीवर जागा मोजकी असते. कुठलं बटण वर ठेवायचं हे आम्ही ठरवू शकत नाही. तुमच्या काउंटरवर दिवसभरात कोणतं काम किती वेळा होतं, हे तुम्हालाच ठाऊक असतं. तो निर्णय घेताना उपयोगी पडेल अशी माहिती इथे दिली आहे. उदाहरण म्हणून दूध संकलन केंद्राचं अँड्रॉइड ॲप घेतलं आहे.

जागेचा हिशोब

अँड्रॉइडमध्ये पडद्यावरची मापं डीपीमध्ये धरतात. १६० डीपी म्हणजे ढोबळमानाने एक इंच. बहुतेक फोन उभे धरले की त्यांची रुंदी ३६० ते ४१२ डीपी भरते. बोटाने न चुकता दाबता यावं म्हणून एका बटणाला किमान ४८ बाय ४८ डीपी, म्हणजे साधारण पाऊण सेंटिमीटर जागा लागते. आयफोनवर हेच माप ४४ पॉइंट आहे. डोळ्यांना दिसणारं चित्र मात्र २४ डीपीचंच असतं. त्याच्या चारही बाजूंची १२ डीपी मोकळी जागा हा बटणाचाच भाग आहे. ‘मध्ये एवढी जागा रिकामी पडलीय, अजून एक बसवा’ असं सुचवलं जातं तेव्हा आम्ही नकार देतो, तो यासाठीच. बटणं दाटीवाटीने लावली की ‘शोधा’ दाबायला जावं आणि पावती छापून यावी, असे प्रकार होतात.

३६० डीपीच्या फोनवर डावीकडचा मागे जाण्याचा बाण, उजवीकडची दोन बटणं आणि तीन ठिपके (वर न मावलेली बटणं ज्यांच्या आत असतात ते) मिळून १९२ डीपी जातात. उरलेल्या १६८ मध्ये शीर्षक बसवायचं. ‘दूध संकलन’ आरामात मावतं. संस्थेचं नोंदणीकृत पूर्ण नाव ‘मर्यादित’सकट मावणार नाही, ते अर्ध्यात तुटेल. पूर्ण नाव पावतीवर घ्या, पट्टीवर नको.

एकाच ॲपची बटणं दोन फोनवर वेगळी का दिसतात

ही तक्रार हमखास येते : ‘माझ्या फोनवर छपाईचं बटण आहे, सचिवांच्या फोनवर नाही.’ ॲप दोन्हीकडे एकच असतं.

पट्टीवरच्या प्रत्येक बटणाला तीनपैकी एक सूचना देता येते : नेहमी वर, जागा असेल तर वर, किंवा कायम तीन ठिपक्यांच्या आत. ‘जागा असेल तर’ म्हणजे नेमकं किती, हे अँड्रॉइडची नेहमीची मेनू पद्धत पडद्याच्या रुंदीवरून ठरवते. ३६० डीपीपेक्षा अरुंद पडद्यावर दोन जागा, ३६० पासून तीन, ५०० पासून चार आणि ६०० च्या पुढे पाच. तीन ठिपके दाखवावे लागले तर त्यातली एक जागा त्यांनाच जाते. म्हणजे नेहमीच्या फोनवर दोन बटणं आणि ठिपके, एवढंच.

आता गंमत अशी की ही रुंदी फोनच्या खोक्यावर लिहिलेल्या इंचांवरून ठरत नाही. चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून सेटिंग्जमधल्या डिस्प्लेमध्ये जाऊन कोणी ‘डिस्प्ले साइज’ वाढवला, की त्याच फोनची रुंदी डीपीच्या हिशोबात कमी होते. ती ३६० च्या खाली गेली की तीनाच्या जागी दोनच जागा उरतात आणि दुसरं बटण गुपचूप ठिपक्यांच्या आत जातं. सचिवांना फोनची सेटिंग बदलायला लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मेनूच्या यादीत जे बटण आधी असतं त्याला जागा आधी मिळते. म्हणून यादी देताना बटणं महत्त्वाप्रमाणे लावून द्या, वर्णानुक्रमे नको. ज्याच्यावाचून काम अडेल अशा एकाच बटणाला ‘नेहमी वर’ द्यावं. सगळ्यांनाच ते दिलं तर ही मर्यादा पाळली जात नाही, बटणं सगळी वर येतात आणि शीर्षक चेपून नाहीसं होतं.

दूध केंद्राचं उदाहरण

संकलनाच्या पडद्यासाठी सहसा अशी यादी येते : जतन, छपाई, सभासद शोधा, सकाळ-संध्याकाळ, गाय-म्हैस, दरपत्रक, व्हॉट्सॲपवर पाठवा, अहवाल, बॅकअप, नोंद काढून टाका. ही दहा कामं झाली आणि वर जागा दोन.

‘जतन’ आधी पट्टीवरून काढा. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) भरून झालं की प्रत्येक सभासदामागे एकदा ते दाबायचंच आहे, तेही एका हातात फोन धरून. अंगठा पडद्याच्या खालच्या भागात सहज फिरतो, वरच्या कोपऱ्यात नाही. त्यामुळे ‘जतन करा आणि पावती छापा’ असं एकच रुंद बटण खाली द्यावं. कीबोर्ड उघडल्यावर ते झाकलं जाणार नाही, त्याच्यावर सरकेल, याची तजवीज आम्ही करतो. चाचणीत तुम्हीही एकदा बघून घ्या.

सकाळ-संध्याकाळ आणि गाय-म्हैस यांना आम्ही पट्टीवर घेतच नाही, कारण ती कामं नसून स्थिती आहे. पट्टीवर सूर्याचं चित्र दिसलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? आत्ता सकाळचं संकलन चालू आहे, की दाबल्यावर सकाळचं सुरू होईल? दोन्ही अर्थ निघतात. घाईत चुकीचा निघाला तर अख्खं सत्र चुकीच्या खात्यावर चढतं, आणि ते ध्यानात येतं थेट दहा दिवसांचं बिल काढताना. इथे ‘सकाळ | संध्याकाळ’ असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी हवेत आणि चालू असलेला भरीव रंगात हवा.

‘काढून टाका’ला वर जागा नको आणि ‘जतन’च्या आसपास तर नकोच. ते नोंद उघडल्यावर आत दिसेल. दाबल्यावर काही सेकंद खाली ‘नोंद काढली – परत आणा’ अशी पट्टी येईल. ‘नक्की काढायची का?’ ही चौकट बहुतेक ग्राहक मागतात, पण रोज दिसणाऱ्या चौकटीवर माणूस न वाचता ‘हो’ दाबतो. परत आणण्याची सोय जास्त उपयोगी पडते, असं आमचं मत आहे.

वर उरतात दोन : ‘सभासद शोधा’ आणि ‘मागची पावती पुन्हा छापा’. छपाई यंत्रातला कागद मध्येच संपला की दुसऱ्या बटणाची गरज लगेच पडते. बाकी सगळं ठिपक्यांच्या आत.

चित्रं देताना

व्हॉट्सॲपवर जेपीजी फाइल पाठवू नका. बटणाच्या चित्राला ॲप स्वतः रंग चढवतं, आणि चित्रातला जेवढा भाग पारदर्शक नाही तेवढा सगळा त्या रंगात भरला जातो. जेपीजीला पारदर्शकता नसतेच, त्यामुळे दुधाच्या कॅनऐवजी नुसता चौकोनी ठोकळा दिसतो. एसव्हीजी फाइल सर्वांत बरी, ती कुठल्याही मापाला फाटत नाही. पीएनजीच असेल तर पार्श्वभूमी पारदर्शक हवी आणि २४, ३६, ४८, ७२, ९६ पिक्सेल अशी पाच मापं लागतील. रंग फिका निवडू नका, उन्हात चित्र दिसेनासं होतं. चित्र आणि पट्टीचा रंग यांच्या उजळपणात किमान ३ : १ असा फरक हवा.

भिंग, छपाई यंत्र, घर ही चित्रं सगळ्यांना कळतात. दरपत्रकाचं असं सर्वमान्य चित्र नाही, तिथे सरळ शब्द लिहावा. प्रत्येक बटणाला, ते नुसतं चित्र असलं तरी, मराठी नाव द्याच. बटण दाबून धरलं की तेच नाव दिसतं आणि टॉकबॅक वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला तेच वाचून दाखवलं जातं.

मराठी अक्षरं कापली जाणं

इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधलेल्या चौकटीत ‘नोंदी’चा अनुस्वार आणि वेलांटी वरून, तर ‘पुन्हा’चा उकार खालून कापला जातो. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, त्यामुळे हा घोळ वाढतो. आम्ही लेबलची उंची बांधून ठेवत नाही. तुम्ही शब्द आटोपशीर द्या : ‘अहवाल व्यवस्थापन’ऐवजी ‘अहवाल’.

वापरणाऱ्यालाच बटणं बदलू द्यायची असतील

ही सोय जोडता येते. तीन ठिपके दाबून ‘बटणं लावा’ उघडायचं, हवं ते बटण दाबून धरून वर ओढायचं, नको ते खाली आणायचं आणि ‘झालं’ दाबायचं. ‘मूळ मांडणी’ हा पर्याय तिथेच असतो. तो हवाच, कारण कोणीतरी सगळी बटणं खाली ओढून बसतं.

दुसऱ्याकडून ॲप करून घेत असाल तर एक गोष्ट विचारून घ्या : मांडणी बटणाच्या ओळखनावाने साठवली जाते की क्रमांकाने? क्रमांकाने साठवली आणि पुढच्या अपडेटमध्ये मध्येच नवीन बटण आलं, तर सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि निवडलेल्या बटणाच्या जागी भलतंच बटण येऊन बसतं. शिवाय मांडणी फक्त फोनवर साठवली असेल तर फोन बदलल्यावर ती नव्याने लावावी लागते. एकाच फोनवर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा माणूस बसत असेल, तर ही सोय न घेतलेली बरी. दोघंही रोज बटणं शोधत बसतात.

जुन्या ॲपची पट्टी घड्याळाखाली सरकली असेल तर

३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवीन ॲप किंवा अपडेट चढवताना ते अँड्रॉइड १५ साठी बांधलेलं असावं लागतं. तसं बांधलेलं ॲप अँड्रॉइड १५ च्या फोनवर पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पसरतं. वरची जागा सोडण्याची सूचना जुन्या ॲपमध्ये नसेल तर बटणं घड्याळ-बॅटरीच्या खाली किंवा कॅमेऱ्याच्या भोकाशी जाऊन बसतात आणि दाबली जात नाहीत. ॲप काढून पुन्हा टाकल्याने हे सुटत नाही, आतून दुरुस्ती करावी लागते. त्यासाठी अडलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट, फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती पाठवा. नवीन कामासाठी बटणांची महत्त्वाप्रमाणे लावलेली यादी द्या, आणि केंद्रावर वापरात असलेल्या सर्वांत लहान फोनचं मॉडेल कळवा. आमची चाचणी डिस्प्ले आणि अक्षरं दोन्ही मोठी करून त्याच मापाच्या पडद्यावर होते.