आम्ही येण्याआधी पोळ्याला काठी लावू नका

“पोळं रिकामं आहे का ते बघायला जरा ठोकून पाहिलं.” गांधीलमाश्यांचं पोळं काढायला बोलावणारे बरेच ग्राहक फोनवर हे सांगतात. आमचा सगळ्यात जास्त वेळ ह्या ठोकण्यापायीच जातो.

गांधीलमाश्या लाकडाचे तंतू चावून, लाळेत कालवून कागदासारखं पोळं बांधतात. उघडं पोळं बारीकशा देठावर लटकतं, त्यामुळे कुठेही धक्का लागला तरी सगळं पोळं थरथरतं. ही थरथर माश्यांना पायांतून कळते, आणि त्यांचं आपसातलं बरंचसं बोलणंही त्यावरच चालतं. काही जातींत माशी अळ्यांना भरवताना दोन्ही मिशा खणाच्या कडेवर झपाझप आपटते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अळ्यांना यंत्राने तशीच कंपनं दिली, तर त्यांच्यापासून झालेल्या माश्यांच्या अंगात चरबी कमी भरली. म्हणजे त्या राणीपेक्षा कामकरी माश्यांच्या वळणावर गेल्या. दुसऱ्या एका जातीत माशी पोळ्यावर पोट आपटून खाणं आल्याची वर्दी देते. इतक्या बारीक थरथरीचा अर्थ लावणाऱ्या माश्यांना तुमची काठी म्हणजे सरळ हल्ला वाटतो. त्या पंख उभारून सज्ज होतात, अंगावर येतात, आणि एकच माशी पुन्हापुन्हा डंख मारू शकते. त्याच भिंतीवर ड्रिल चालवलं तरी तेच.

अशा पोळ्याला लगेच हात घालता येत नाही. त्या निवळेपर्यंत आमचा माणूस लांब थांबतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतो, कारण अंधार पडताना बहुतेक माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात. “नुसता उभा होता” अशी तक्रार येते. पण शिडी पोळ्यापासून लांब टेकवणं, पावलं हळू टाकणं, थांबून बघणं हाच ह्या कामाचा मोठा भाग आहे. घाई केली तर डंख घरातल्यांनाही बसतात.

पोळं चालू आहे का हे लांबून पाच-दहा मिनिटं बघितलं तरी सहसा कळतं: माश्या ये-जा करतात. मोबाइलवर झूम करून फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. पोळं कुणाच्या वाटेत नसेल तर राहू द्या असं आम्हीच सांगतो. ह्या माश्या झाडांवरच्या अळ्या मारून नेतात. काढायचंच ठरलं तर देठाची जागा खरवडून, पुसून देणं आमच्या कामातच धरलेलं असतं.