चेलो-पियानोची रेकॉर्डिंग्ज घरी ऐकताना : आमच्या ग्राहकांसाठी

स्पीकर किंवा टर्नटेबल घ्यायला आलेल्यांना आम्ही दुकानात बहुतेक वेळा चेलो-पियानोच लावून दाखवतो (चेलो म्हणजे व्हायोलिनसारखंच, पण मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य), कारण वाद्यं दोनच असतात आणि सिस्टिम नीट लागलीय का ते लगेच कळतं. शिवाय हे संगीत आमच्या फार आवडीचं आहे, ते तुमच्याही घरात वाजावं असं मनापासून वाटतं.

सुरुवात जर्मन संगीतकार ब्राम्सच्या ई मायनर सोनाटापासून करा (सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठी लिहिलेली, अनेक भागांची रचना; हा ओपस म्हणजे रचना क्रमांक ३८, १८६२ ते १८६५). चेलो एकदम खालच्या सुरात सुरू होतो आणि पियानो समेवर न येता मधल्या मात्रांवर कॉर्ड देत राहतो. इथे पियानो म्हणजे साथीला बसलेला तबला नाही बरं का, ब्राम्सने शीर्षकातच पियानोचं नाव आधी लिहिलंय. शेवटच्या भागातल्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच धून एकामागून एक उचलली जाते अशा रचनेत, तीच धून पियानोचा डावा हात, उजवा हात आणि चेलो अशी तिन्हीकडून येते, तिन्ही वेगवेगळी ऐकू आली तर तुमचे स्पीकर बरोबर जागी आहेत असं समजा.

नाही आली तर बहुतेक वेळा दोष खोलीचा असतो. चेलोची सगळ्यात खालची तार साधारण ६५ हर्ट्झची, छोटा ब्लूटूथ स्पीकर तिथपर्यंत धड पोचत नाही, मग चेलो बारीक आणि पोकळ वाटतो. उलट मोठा स्पीकर कोपऱ्यात ढकलला की बेस फुगतो आणि पियानोचा डावा हात चेलोत मिसळून सगळा गाळ होतो. म्हणून स्पीकर भिंतीपासून फूट-दोन फूट पुढे ओढा, बेस बूस्ट बंद करा, आणि दोन्ही स्पीकर व तुम्ही असा त्रिकोण होईल असं बसा. यासाठी नवीन काही विकत घ्यायची गरज नाही.

रेकॉर्डिंग कुठलं घ्यायचं? आमचं मत विचाराल तर आधी रोस्त्रोपोविच (चेलो) आणि रुडॉल्फ सेर्किन (पियानो), सेर्किन तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते, पण दोघांत कुणीही कुणाला झाकत नाही. जॅकलिन द्यु प्रे (चेलो) आणि बॅरेनबॉइम (पियानो) यांचं १९६८चं जास्त मोकळं, जास्त आवेगाचं. चेलोवादक स्टीव्हन इसरलिस प्राण्यांच्या आतड्यापासून बनवलेल्या तारांवर वाजवतात, पियानोवादक स्टीफन हफबरोबरच्या त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये चेलोचा आवाज खरखरीत आणि माणसाच्या गळ्याजवळचा येतो, ज्यांना गाणं आवडतं त्यांनी हे ऐकाच. कासाल्स (चेलो) आणि होर्शोव्स्की (पियानो) यांनी वाजवलेला ब्राम्सचाच दुसरा सोनाटा (एफ मेजर) १९३६चा, मोनो (एकाच चॅनलचा), खरखर आहेच, पण ती घालवायला ट्रेबल (वरच्या सुरांची पातळी) कमी करू नका, त्याबरोबर गजाचा आवाजही जातो.

मग शोपँ. त्याने जी मायनर सोनाटा चेलोवादक मित्र फ्रँकोमसाठी लिहिला आणि १६ फेब्रुवारी १८४८ला पॅरिसमधल्या आपल्या शेवटच्या कार्यक्रमात त्याचे शेवटचे तीन भाग दोघांनी मिळून वाजवले. त्यातला लार्गो (संथ भाग) जेमतेम चार मिनिटांचा आहे, आर्गेरिच (पियानो) आणि रोस्त्रोपोविच यांचा लावा, रात्री, आवाज कमी ठेवून. रशियन संगीतकार रखमानिनोवचा सोनाटा (१९०१) मात्र कमी आवाजात लावू नका, त्यातला पियानो प्रचंड आहे.

स्पीकर लावताना अडलं तर खोलीचा फोटो काढून दुकानात या किंवा सरळ आम्हाला घरी बोलवा, आमच्याकडून घेतलेल्या सिस्टिमसाठी जागा ठरवून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही.